जीवशास्त्रात पीएचडी करायचीय? अर्जापासून मुलाखतीच्या खोलीपर्यंत

"कडुनिंबाच्या अर्कानं जिवाणू मेले, ठीक आहे. पण अर्क तुम्ही मिथेनॉलमध्ये काढला होता. नुसतं मिथेनॉल टाकून पाहिलं होतंत का?"

माझ्या पहिल्या पीएचडी मुलाखतीतला हा दुसराच प्रश्न. मी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर कुणी पाहिलं होतं की नाही हेही मला माहीत नव्हतं, कारण एमएस्सीचा तो प्रोजेक्ट मी एका खासगी लॅबमध्ये पैसे भरून केला होता. प्लेटा तिथल्या एका ताईनं ओतल्या, फोटो मी काढले आणि प्रबंधाला सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग करून घेतलं. मार्क उत्तम होते, नेट ही पात्रता परीक्षा झाली होती, जेआरएफ या संशोधन फेलोशिपचं पत्र फाइलमध्ये होतं. वीस मिनिटांत मी खोलीबाहेर होते.

त्यानंतर मला प्रवेश मिळाला, पीएचडीही झाली. आता गावाकडच्या कॉलेजांतली मुलं फोन करून विचारतात, तेव्हा जे सांगते तेच इथे लिहिते आहे. परीक्षा तुम्हाला दारापर्यंत नेते. आत घेतात ते तुम्ही केलेलं एखादं काम तुम्हाला मुळापासून समजलंय का, हे बघून. तयारीचा वेळ वाटताना हे लक्षात ठेवलं नाही, तर दोन-दोन वर्षं नुसती क्लास लावण्यात जातात.

पायरी १ : कुठल्या दारानं जायचं ते ठरवा

बीएस्सी तीन वर्षांची असेल तर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे एमएस्सी करून मग पीएचडी. दुसरा इंटिग्रेटेड पीएचडीचा: बीएस्सीनंतर थेट प्रवेश, आधी एमएस्सीच्या तोडीचा अभ्यासक्रम आणि पुढे तिथेच संशोधन. बंगळुरूची आयआयएससी, बंगळुरूचंच एनसीबीएस, पुण्याची आयसर अशा ठिकाणी हा रस्ता आहे. आयआयएससीच्या जीवशास्त्रातल्या इंटिग्रेटेड पीएचडीसाठी आयआयटी जॅम या बीएस्सीनंतरच्या प्रवेश परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर चालतो. आपल्याकडच्या कॉलेजांत हे बीएस्सीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना कुणी सांगत नाही, आणि कळतं तेव्हा फॉर्मची तारीख गेलेली असते.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची पदवी घेणाऱ्यांसाठी तिसरं दार उघडलं आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएचडी नियमावलीनुसार चार वर्षांच्या पदवीला किमान ७५ टक्के असतील, तर एमएस्सीशिवायही पीएचडीला अर्ज करता येतो. एमएस्सी झालेल्यांना ५५ टक्के पुरतात, आणि राखीव प्रवर्गांना दोन्हीकडे ५ टक्क्यांची सवलत आहे. नियमानं जमतं म्हणून चौथ्या वर्षानंतर लगेच उडी मारावी का? माझं मत विचाराल तर लॅबमध्ये सलग सहा महिने काम केलेलं असेल तरच.

पायरी २ : आधी प्रश्न, मग संस्था

"चांगली संस्था कोणती?" हा फोनवरचा सगळ्यात पहिला प्रश्न असतो. मी उलट विचारते, "कशावर काम करायचंय?" त्यावर बहुतेक वेळा "मॉलेक्युलर बायॉलॉजी" किंवा "कॅन्सर" असं उत्तर येतं. हे विषय झाले, प्रश्न नव्हेत. "कर्करोगाच्या काही पेशी औषध देऊनही का उरतात?" हा प्रश्न. "भाताच्या मुळाशी राहणारे जिवाणू पाऊस लांबला की बदलतात का?" हाही प्रश्नच. प्रश्न पक्का असायला हवा असं नाही, पुढे तो बदलतोच. पण कुठल्या लॅबकडे बघायचं हे तोच सांगतो.

आपल्या आसपासच किती प्रकारची कामं चालतात ते पाहा. कर्करोगासाठी खारघरचं अॅक्ट्रेक, प्रजनन आरोग्यासाठी परळची एनआयआरआरसीएच, विषाणूंसाठी पुण्याची एनआयव्ही. पेशी आणि रोगप्रतिकारशक्तीसाठी पुणे विद्यापीठाच्या आवारातली एनसीसीएस. गहू, सोयाबीन, बुरशी, दगडफूल यांत रस असेल तर आघारकर संशोधन संस्था. ही १९४६ मध्ये सुरू झाली. एन्झाइम आणि वनस्पतींच्या रसायनांसाठी पाषाणची एनसीएल, माशांसाठी वर्सोव्याची सीआयएफई, समुद्रातल्या जिवांसाठी गोव्यात दोनापावलाची एनआयओ. मूलभूत जीवशास्त्रासाठी आयसर पुणे आणि कुलाब्याची टीआयएफआर आहेतच. टीआयएफआरमध्ये ओबेद सिद्दिकींनी १९६२ साली मॉलेक्युलर बायॉलॉजीचं युनिट उभं केलं आणि पुढे त्यातूनच बंगळुरूचं एनसीबीएस जन्माला आलं. म्हणजे या क्षेत्रातला बंगळुरूचा दबदबा आहे त्याची एक मुळी कुलाब्यात आहे.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगून टाकते. यातल्या सगळ्या संस्था स्वतः पदवी देत नाहीत. एनसीएल आणि एनआयओ सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा आहेत, त्यांची पदवी एसीएसआयआर या तिच्याच अकादमीकडून मिळते. अॅक्ट्रेकची होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटकडून. आघारकरमधली मुलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात नोंदणी करतात. याचा परिणाम कोर्सवर्क, फी आणि थीसिस जमा करण्याच्या नियमांवर होतो, म्हणून अर्जाआधी विचारून घ्या.

आता संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन प्राध्यापकांची यादी उघडा. दहा लॅब निवडा. प्रत्येक लॅबचा गेल्या तीन-चार वर्षांतला एक पेपर पबमेड या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर शोधा आणि वाचा. सगळा समजणार नाही. मलाही समजायचा नाही. सारांश, पहिली आकृती आणि शेवटचा परिच्छेद एवढं वाचलं तरी त्या लॅबला काय छळतंय ते कळतं. दहातल्या ज्या तीन पेपरांपाशी तुम्ही रात्री अकरा वाजताही बसून राहिलात, त्या तुमच्या लॅब.

पायरी ३ : परीक्षा

परीक्षांची नावं ऐकून डोकं गरगरतं. प्रत्यक्षात जीवशास्त्रासाठी लक्ष द्यावं अशा चारच मोठ्या आहेत.

सीएसआयआर-नेट, लाइफ सायन्सेस. वर्षातून दोनदा, तीन तास, २०० गुण. अ भागात २० प्रश्नांतले १५ सोडवायचे, ब भागात ५० तले ३५, क भागात ७५ तले २५. अ आणि ब मध्ये प्रश्नाला २ गुण, क मध्ये ४. चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांपैकी २५ टक्के वजा. ही आकडेवारी नीट पाहिलीत तर तयारी कशी करायची ते आपोआप दिसेल. क भाग एकटा १०० गुणांचा आहे आणि त्यात ५० प्रश्न सोडून द्यायचीच मुभा आहे. म्हणजे तेरा युनिटं वरवर वाचण्यापेक्षा पाच-सहा युनिटं अशी करा, की त्यातला प्रयोगावर आधारलेला प्रश्नही सुटेल. आमच्या बॅचमध्ये जे सगळं वाचत बसले ते कटऑफच्या चार-पाच गुण खाली राहिले. अ भागातल्या ३० गुणांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. तिथे शेकडेवारी, आलेख, घड्याळ, वेग असलं शाळेतलं गणित असतं आणि जीवशास्त्राची मुलं ते "आपलं नाही" म्हणून सोडून देतात.

२०२४ पासून नेटच्या निकालाचे तीन गट असतात: जेआरएफ, सहायक प्राध्यापकपद अधिक पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटातल्यांना विद्यापीठातल्या पीएचडी प्रवेशासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. तेव्हा "निकाल लागला, आता निवांत" असं करू नका.

गेट. फेब्रुवारीत होते, गुण तीन वर्षं चालतात. लाइफ सायन्सेसचा एक्सएल पेपर घेतलात तर सामान्य क्षमता १५ गुण, रसायनशास्त्र सक्तीचं २५ गुण, आणि बायोकेमिस्ट्री, बॉटनी, मायक्रोबायॉलॉजी, झूलॉजी, फूड टेक्नॉलॉजी यांतले कोणतेही दोन, प्रत्येकी ३० गुण. बारावीनंतर रसायनशास्त्राला रामराम ठोकलेल्यांची इथेच गोची होते. बायोटेक्नॉलॉजीचा आणि परिसंस्था-उत्क्रांतीचा असे वेगळे पेपरही आहेत; रानावनात काम करायचं असेल त्यांनी हा दुसरा जरूर पाहावा.

जेजीईईबीआयएलएस. नाव अवघड, परीक्षा सुंदर. टीआयएफआरच्या ग्रॅज्युएट स्कूल प्रवेश परीक्षेबरोबर डिसेंबरमध्ये होते. टीआयएफआर आणि एनसीबीएससाठी ही मुख्य वाट, आणि इतरही काही संस्था तिचे गुण धरतात. इथे पाठांतर फार कामाला येत नाही. एखाद्या प्रयोगाचा आलेख देतात आणि यातून कोणता निष्कर्ष काढता येणार नाही, असं विचारतात. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. नेटच्या क भागाचीही त्यातून उत्तम तयारी होते.

चौथी आयआयटी जॅम, फेब्रुवारीत, ती बीएस्सीवाल्यांसाठी. याखेरीज जैवतंत्रज्ञान विभागाच्या परीक्षा आणि विद्यापीठांच्या पेट, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षा, आहेत. त्यांचं स्वरूप अधूनमधून बदलतं, त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण माना.

एकाच परीक्षेवर सगळं टांगू नका. २०२४ च्या जूनमधली सीएसआयआर-नेट ऐन चार दिवस आधी पुढे ढकलली गेली आणि जुलैअखेर झाली. लातूर-नांदेडहून परीक्षेसाठी आधीच निघायची तयारी केलेल्यांचे हाल झाले, आणि नेटवरच अवलंबून असलेल्यांचं प्रवेशाचं गणित बिघडलं. गेट किंवा जेजीईईबीआयएलएस हाताशी असलेली मुलं तेवढी शांत होती.

वर्षाचा अंदाज असा ठेवा: ऑगस्ट ते ऑक्टोबर फॉर्म, डिसेंबर ते फेब्रुवारी परीक्षा, मार्च-एप्रिलमध्ये संस्थांचे अर्ज, मे-जूनमध्ये मुलाखती, जुलै-ऑगस्टमध्ये रुजू. काही संस्था जानेवारीतही घेतात. गणपतीच्या सुट्टीत फॉर्म भरायचे, हे मी माझ्यापुरतं लक्षात ठेवायचं सूत्र केलं होतं.

पायरी ४ : सेतू केंद्राची वारी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे घसरलेली मुलं मी पाहिली आहेत. केंद्रीय संस्थांना ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं. राज्याचं नॉन-क्रीमी लेयर वेगळं, केंद्राचं वेगळं. तुमची जात राज्याच्या यादीत आहे म्हणून केंद्राच्या यादीत असेलच असं नाही, तेव्हा केंद्रीय यादीतला नोंद क्रमांक तपासा. राज्याच्या २०२४ च्या कायद्यातलं एसईबीसी (मराठा) आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू नाही. तिथे अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) विचार करा. ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र त्या-त्या आर्थिक वर्षापुरतंच असतं, म्हणजे डिसेंबरात काढलेलं पुढच्या जूनच्या मुलाखतीला बहुधा चालत नाही. एप्रिलमध्येच नवं काढायला टाका. दहावीच्या, बारावीच्या आणि आधार कार्डावरच्या नावात अक्षराचाही फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्राची प्रत जवळ ठेवावी.

पायरी ५ : गाईडला मेल

परीक्षेतून थेट प्रवेश देणाऱ्या संस्थांत आधी मेल केलाच पाहिजे असं नाही. विद्यापीठात आणि सीएसआयआर-प्रकारच्या संस्थांत मात्र गाईडकडे जागा आहे का, यावर सगळं अडतं. यूजीसीच्या नियमानं प्रोफेसर एका वेळी ८, असोसिएट प्रोफेसर ६ आणि असिस्टंट प्रोफेसर ४ पीएचडीचे विद्यार्थी घेऊ शकतो. जागा भरलेली असेल तर तुमचं जेआरएफ कितीही चमकदार असो, ते हात वर करणार.

मेल इंग्रजीतच लिहायचा, पण त्यात काय असावं? मी ज्युनियर मुलांना साधारण असं सांगते. पहिल्या ओळीत तुम्ही कोण, कुठली परीक्षा झाली आहे आणि कधीपासून रुजू होऊ शकता. दुसऱ्या परिच्छेदात त्यांच्या एका पेपरातली एक गोष्ट जी तुम्हाला खटकली किंवा आवडली: "तुमच्या पेपरात तापमान वाढवल्यावर अळ्या उशिरा कोषात गेल्या असं दिसतं, अन्न कमी दिलं तरी असंच झालं असतं का, असा प्रश्न मला पडला." तिसऱ्यात तुम्ही स्वतःच्या हातानं केलेलं काम, दोन ओळींत. शेवटी जागेबद्दल सरळ प्रश्न. सोबत एका पानाचा सीव्ही. बस.

"रिस्पेक्टेड सर, आय अॅम व्हेरी हार्डवर्किंग" ने सुरू होणारे मेल उघडल्याउघडल्या बंद होतात. एकाच मेलमध्ये साठ जणांना टाकण्याचा प्रकार तर करूच नका. मॅडमना 'डिअर सर' लिहिलेलं त्यांच्या लॅबमध्ये चहाबरोबर वाचून दाखवलं जातं. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा नम्र आठवण करा. तरी नाही आलं, तर पुढची लॅब.

पायरी ६ : एसओपी आणि शिफारसपत्रं

एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', हे आत्मचरित्र नव्हे. "लहानपणापासून मला निसर्गाची ओढ होती" हे वाक्य वाचणाऱ्यानं त्या दिवशी चाळीस वेळा वाचलेलं असतं. पहिल्या वाक्यात तुमचा प्रश्न येऊ द्या. मग त्या प्रश्नाकडे नेणारं एक काम: काय केलं, काय बिघडलं, काय निघालं. मग याच संस्थेतल्या दोन-तीन लॅब आणि त्या का. मार्क सीव्हीत आहेतच, इथे पुन्हा नकोत. चॅटबॉटकडून लिहून घेतलेलं ओळखू येतं, आणि मुख्य म्हणजे त्यातल्या प्रत्येक शब्दावर मुलाखतीत प्रश्न येतो. ज्या तंत्राचं नाव लिहिलंत ते समजावून सांगता आलं पाहिजे.

शिफारसपत्रासाठी सरांना किमान चार आठवडे आधी भेटा. सोबत सीव्ही, एसओपीचा मसुदा आणि तुम्ही त्यांच्याकडे काय केलंत याची यादी द्या. बरेच ठिकाणी "तूच लिहून आण, मी सही करतो" असं उत्तर मिळतं. अशा वेळी लिहून नेण्याऐवजी मुद्दे नेऊन द्या आणि सरांच्याच शब्दांत दोन ओळी तरी मागा. पत्राची लिंक त्यांच्या मेलमध्ये स्पॅममध्ये जाऊन पडते, म्हणून फोन करून उघडायला लावा. ज्यांनी तुम्हाला प्रयोग करताना पाहिलं आहे त्यांचं पत्र नुसत्या मोठ्या हुद्द्याच्या माणसाच्या पत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

पायरी ७ : मुलाखत

साधारण तीन ते पाच प्राध्यापक, एक फळा, वीस ते चाळीस मिनिटं. "तुमच्या कामाबद्दल सांगा" किंवा "आवडता विषय कोणता?" अशी सुरुवात होते. हा आवडता विषय तुम्हीच निवडता, म्हणजे पुढचे सगळे प्रश्न कुठून येणार हे तुमच्याच हातात असतं. तरी मुलं "इम्युनॉलॉजी" म्हणून मोकळी होतात आणि मग त्या अथांग पाण्यात गटांगळ्या खातात. लहान तुकडा निवडा. "पीसीआर" (डीएनएच्या असंख्य प्रती काढायचं तंत्र) म्हणालात तरी चालेल, फक्त त्याच्या तळाशी जाऊन या.

तळाशी म्हणजे कसं? पीसीआरचंच बघा. ३० फेऱ्यांनंतर एका रेणूचे किती होतील? दर फेरीला दुप्पट धरलं तर २ चा ३० वा घात, म्हणजे शंभर कोटींच्या थोडं वर. मग प्रत्यक्षात इतके का होत नाहीत? प्रायमर आणि सुटे घटक संपत येतात, एन्झाइम थकतं, तयार झालेले डीएनएचे धागे एकमेकांनाच चिकटायला लागतात. मग ४० फेऱ्या करून फायदा आहे का? निगेटिव्ह कंट्रोलमध्ये, म्हणजे डीएनए न टाकलेल्या नळीत, पट्टी दिसली तर कुठून शोधायला सुरुवात कराल? इतपत उत्तरं फळ्यावर काढून देता आली की समोरची माणसं खुर्चीत पुढे सरकून बसतात.

आता माझ्या कडुनिंबाकडे येऊ, कारण महाराष्ट्रातल्या एमएस्सीच्या कितीतरी प्रबंधांत असलाच प्रकल्प असतो: कुठल्यातरी झाडाचा अर्क, आगर प्लेटवर खड्डे, भोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ आणि "म्हणून हा अर्क प्रभावी आहे" हा निष्कर्ष. त्यावर हमखास विचारलं जाणारं असं:

नुसतं द्रावक टाकल्यावर वर्तुळ येतं का? मिथेनॉल स्वतः जिवाणूंना मारतं. त्यामुळे द्रावकाचा कंट्रोल (अर्काशिवाय केलेली तुलना) नसेल तर निष्कर्षच उभा राहत नाही.

मोठं वर्तुळ म्हणजे जास्त प्रभावी औषध का? नाही. वर्तुळाचा आकार रेणू आगरमधून किती झरझर पसरतो यावरही ठरतो. जड रेणू जालीम असूनही लहान वर्तुळ देऊ शकतो. म्हणून पुढची पायरी एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी किमान मात्रा, काढण्याची.

तीन वेळा प्रयोग केला म्हणजे नेमकं काय केलं? एकाच प्लेटवर एकाच दिवशी, एकाच अर्काचे तीन खड्डे हे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळा अर्क काढून, वेगळ्या कल्चरवर केले तर ते तीन. एरर बार कशाचा आहे ते त्यावर ठरतं.

हे तुमच्या प्रबंधात नसेल तर? तर तेच सांगा. "हा कंट्रोल लावलेला नाही. आज केला असता तर असा केला असता." या एका उत्तरानं मुलाखत वाचते. दुसऱ्या वेळी मी नेमकं हेच केलं, त्याच बिनकंट्रोलच्या प्रकल्पावर, आणि समोरचे सर हसून म्हणाले, "बरं, मग आता उरलेला प्रयोग आखू या." पुढची पंधरा मिनिटं आम्ही फळ्यावर तोच आखत होतो. प्रवेश मला त्याच संस्थेत मिळाला.

साधी गणितं तोंडपाठ हवीत. ५ मोलर मिठाच्या द्रावणातून १५० मिलिमोलरचं १०० मिलिलिटर करायचंय, किती घ्याल? ३ मिलिलिटर, बाकी पाणी. नेटमध्ये वरचा रँक असलेली मुलं इथे अडखळतात, कारण लॅबमध्ये बफर नेहमी दुसरंच कुणीतरी करून ठेवलेलं असतं.

"माहीत नाही" म्हणायला घाबरू नका, पण तिथेच थांबू नका: "माहीत नाही, पण असा विचार करून बघते" असं म्हणा आणि मोठ्यानं विचार करा. ते तुम्हाला ढकलत-ढकलत अशा ठिकाणी नेतात जिथे तुमचं ज्ञान संपतं. ते मुद्दाम करतात, तो अपमान नव्हे.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. मलाही होती. तिथे व्याकरणाला मार्क नसतात. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, शब्द सुचला नाही तर आकृती काढा. घरी सराव करताना मात्र आपलं काम पाच मिनिटांत मोठ्यानं इंग्रजीत सांगायचं, रोज. मी भिंतीवरच्या कालनिर्णयला सांगत असे.

पैशाचं काय?

घरी हा प्रश्न आधी विचारला जातो. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ दरमहा ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी आढावा होऊन एसआरएफ मिळते, ती ४२,०००. वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. जेआरएफ नसतानाही आयसर, टीआयएफआर यांसारख्या संस्था निवडलेल्या विद्यार्थ्यांना स्वतःची फेलोशिप देतात. राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी अनुसूचित जातींकरता बार्टी, मराठा-कुणबी समाजाकरता सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांकरता महाज्योती यांच्या पीएचडी फेलोशिप आहेत. त्यांच्या जाहिराती कधी येतील याचा नेम नसतो, आणि अर्जासाठी पीएचडीची नोंदणी झाल्याचं पत्र लागतं, तेव्हा ते पत्र कार्यालयात अडकू देऊ नका. एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत.

फेलोशिपचे पैसे काही वेळा महिनोन्महिने येत नाहीत. पहिल्या चार महिन्यांच्या मेसचे आणि खोलीभाड्याचे पैसे हाताशी ठेवून निघा.

मुलींच्या घरी आणखी एक प्रश्न असतो, लग्नाचा. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण नियम माहीत असू द्या: २०२२ च्या नियमावलीनुसार पीएचडीची मुदत ३ ते ६ वर्षं, वर पुनर्नोंदणीनं २ वर्षं, स्त्रियांना त्याहून आणखी २ वर्षांची सवलत, आणि संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा.

परदेशी जायचं असेल तर

थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या जीवशास्त्राच्या पीएचडीला अर्ज साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होतात, एमएस्सी सक्तीची नसते, पण आपली तीन वर्षांची बीएस्सी अनेक विद्यापीठांना अपुरी वाटते. जीआरई ही तिकडची प्रवेश परीक्षा आता बऱ्याच विभागांनी काढून टाकली आहे. जीवशास्त्राची विषयवार जीआरई तर २०२१ मध्येच बंद झाली. तीन शिफारसपत्रं लागतात आणि ती अधिकृत कॉलेजच्या मेलवरून गेलेली बरी. अर्जाची फी जास्त असते, ती माफ होते का हे विभागाला विचारा. विचारायला काही लागत नाही. जर्मनीत बहुतेक ठिकाणी एमएस्सी हवी. मॅक्स प्लांक संस्थांच्या आंतरराष्ट्रीय शाळा इंग्रजीतून चालतात.

निवड झाली नाही, आणि झाली तर

झाली नाही तर पुन्हा त्याच क्लासला वर्ष घालवू नका. एखाद्या लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट व्हा. पगार कमी असतो, पण वर्षभरात प्लेटा तुम्ही स्वतः ओतता, बिघडवता, पुन्हा ओतता. बीएस्सी-एमएस्सीला अजून असाल तर तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप आहे, दोन महिन्यांची, नामवंत लॅबमध्ये. मी ज्या लॅबमध्ये पैसे भरले त्याऐवजी इथे गेले असते तर फुकट शिकले असते, वर विद्यावेतन मिळालं असतं ते वेगळंच. पैसे घेऊन पेपर छापून देणाऱ्या जर्नलांच्याही नादी लागू नका. मुलाखतीत तो पेपर उलट अंगावर येतो.

झाली, आणि दोन-तीन ठिकाणी झाली, तर हो म्हणण्याआधी त्या लॅबमधल्या मुलांना भेटा. गाईडसमोर नव्हे, कँटीनमध्ये. विचारा: शेवटच्या मुलाला किती वर्षं लागली? गेल्या पाच वर्षांत कोण सोडून गेलं आणि का? पहिला पेपर कधी निघतो, आणि नाव कुणाचं पहिलं लागतं? रविवारी यावं लागतं का? सर गावाला गेले की लॅबमध्ये काय होतं? आणि ज्यानं सोडलं त्याचा नंबर मिळाला तर त्यालाही एक फोन करा.